सांगलीच्या मुलीचा गुडघा आणि माझ्या आईचा गुडघा

२०२३च्या मे महिन्यातील एक संध्याकाळ. कुंभारीतील माझ्या दवाखान्यात विडी कामगारांच्या वसाहतीतून एक आजी आपल्या नातवाचा हात धरून आल्या. उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. नातू बारावीत, क्रिकेटवेडा. आजी वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत टेकेपर्यंत त्याने मला विचारले, "डॉक्टर, ऋषभ पंत वर्ल्डकपपर्यंत बरा होईल का हो?"

अपघात ३० डिसेंबर २०२२च्या पहाटे झाला, उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले, शस्त्रक्रिया मुंबईत झाली, कुबड्या घेऊन चालतानाचे छायाचित्र कधी आले, हे सारे त्याला तोंडपाठ होते. मी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आजींचा गुडघा आता किती वाकतो?"

तो आजींकडे पाहू लागला. आजी माझ्याकडे पाहू लागल्या.

वाचकहो, त्या मुलाला मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता. त्याच्यासारखीच चूक मी सहा वर्षांपूर्वी माझ्या घरात केली होती, आणि मी तर डॉक्टर होतो.

माझ्या आईचे माहेर सांगलीकडचे. त्यामुळे स्मृती मंधाना भारताकडून खेळू लागली तेव्हापासून ती आमच्या घरात 'आपल्या सांगलीची पोर' झाली. जानेवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातील बिग बॅश स्पर्धेत ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळताना स्मृतीच्या गुडघ्याला दुखापत झाली. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना धरून ठेवणारा एक दोर असतो. पाय वळवताना नडगी पुढे सरकू नये, हे त्याचे काम. इजा या दोराला झाली होती. फेब्रुवारीत कोलंबोला झालेली विश्वचषकाची पात्रता स्पर्धा तिला खेळता आली नाही. मे महिन्यातील दक्षिण आफ्रिकेची चौरंगी मालिकाही हुकली. जूनमध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक होता आणि ती तोवर उभी राहील की नाही, याची काळजी सांगलीत होती तशीच ती आमच्या घरातही होती.

त्याच फेब्रुवारीत आईच्या डाव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. वय एकाहत्तर. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जे बिघडले ते घरी आल्यावर बिघडले.

पहिल्याच रात्री आई कण्हत होती. मी तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. तिला बरे वाटले. गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत सर्वांत कमी दुखतो, म्हणून बरे वाटते. पण त्याच स्थितीत तो आखडतो, आणि आखडलेला गुडघा पुढे पूर्ण सरळ होत नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होत राहतो. हे मी रुग्णांना शेकडो वेळा सांगितले असेल. आईच्या बाबतीत ती उशी तीन आठवडे गुडघ्याखालीच राहिली.

फिजिओथेरपिस्ट घरी येत असत. त्या गुडघा वाकवू लागल्या की आईच्या डोळ्यांतून पाणी येई. आठवडाभराने मी त्यांना म्हणालो, "थोडे दिवस राहू द्या, सूज उतरू द्या." त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मला आजही आठवतात. आईला मी पाण्याचा पेलासुद्धा उठून घेऊ देत नव्हतो. शेजारीपाजारी म्हणत, मुलगा असावा तर असा.

सहा आठवड्यांनी तपासणीला नेले तेव्हा गुडघा सत्तर अंशांपर्यंतच वाकत होता. साध्या खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे लागतात, जिना सहज चढता-उतरता येण्यासाठी त्याहून अधिक. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, भूल देऊन सांधा मोकळा करता येईल, पण तो निर्णय लवकर घ्यावा लागेल. पहिल्या तीन महिन्यांत त्याचा उपयोग जास्त होतो. मी आईच्या वयाचे कारण पुढे केले आणि नको म्हणालो. खरे सांगायचे तर तिला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेताना पाहण्याची माझीच तयारी नव्हती.

या सगळ्या काळात आई रोज वर्तमानपत्राचे क्रीडापान मागून घेई. "अरे, त्या पोरीचं काय झालं? पळायला लागली का ती?" मी शोधून सांगत असे. तिचा सराव सुरू झाला, ती बंगळूरला आहे, संघात नाव आले. तिच्या गुडघ्याची प्रगती मला ठाऊक होती. आईचा गुडघा आदल्या आठवड्यापेक्षा किती अंश पुढे सरकला, हे मात्र मी कुठेही लिहून ठेवले नव्हते.

२४ जूनला डर्बीला यजमान इंग्लंडविरुद्ध भारताचा पहिला सामना झाला. स्मृतीने ७२ चेंडूंत ९० धावा केल्या. पूनम राऊतबरोबर सलामीला १४४ धावांची भागीदारी झाली. आई चौकारांकडे पाहतच नव्हती. एकेरी-दुहेरी धाव घेताना ती मुलगी वळते कशी, थांबते कशी, एवढेच ती पाहत होती. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. त्या रात्री आई म्हणाली, "पाच महिन्यांत तिचा गुडघा एवढा पळतोय, मग माझा चार महिन्यांत वाकत का नाही रे?"

मी तिला उत्तर दिले, तिचे वय वीस आहे, तुझे एकाहत्तर. उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. वय वेगळे, इजाही वेगळी. तिचा दोर दुखावला होता, आईचा झिजलेला सांधा बदलला होता. तरी दोन्ही गुडघ्यांमध्ये एक गोष्ट सारखीच असते. गुडघा दुखावला, सुजला की मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू काम थांबवतो आणि काही दिवसांतच ओसरू लागतो. दोर जुळला, सांधा बदलला, तरी तो स्नायू आपोआप परत येत नाही. तो रोज कामाला लावून, मोजून, पुन्हा कमवावा लागतो. खेळाडूभोवती हे मोजणारी माणसे असतात. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किती जवळ आली, गुडघा किती अंश वाकतो, एका पायावर उडी मारून उतरताना तो डगमगतो का, हे सगळे नोंदवले जाते. आमच्या घरात आईभोवती प्रेम करणारी माणसे पाच होती, मोजणारे कुणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिजिओथेरपिस्टना फोन केला. त्या आल्या, मला एका शब्दानेही टोचले नाही, आणि आईला म्हणाल्या, "आई, आता यांना खोलीबाहेर पाठवू या." पुढचे तीन महिने मी खोलीबाहेरच होतो. गुडघा पंच्याण्णव अंशांवर येऊन थांबला. भूल देऊन सांधा मोकळा करण्याची वेळ तोवर निघून गेली होती. आई खुर्चीत बसते, उठते, कठडा धरून जिना चढते. उंबऱ्याशी मात्र अजून क्षणभर अडखळते. पहिल्या सहा आठवड्यांत मी गमावलेले अंश परत मिळाले नाहीत.

तुमच्या घरात कुणाचे सांधेरोपण झाले असेल, तर मी जे केले नाही ते तुम्ही करा. सर्जनने आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम बंद करण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नका. दुखते म्हणून व्यायाम टाळण्यापेक्षा, डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी की कसे, हे त्यांनाच विचारा. व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवला की ठणका बराच उतरतो. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, मनात पाचपर्यंत मोजायचे, सोडायचे. टाच गादीवरून घासत मागे ओढायची. खुर्चीत बसून पाय हळूहळू मागे न्यायचा. वरवर पाहता हे पोरखेळ वाटतात, पण गुडघा त्यांच्यावरच उभा राहतो.

दुखणे कुठवर ठीक आणि कुठे थांबायचे, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. व्यायाम करताना ताण बसून दुखले आणि तास-दोन तासांत पूर्ववत झाले, तर घाबरू नये. रात्रभर ठणकले, दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर प्रमाण कमी करून विचारावे. पण पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत दुखले किंवा धाप लागली तर एक क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे. टाक्यांतून पाणी येणे, ताप येणे, गुडघा लाल आणि गरम होणे, हेही 'उद्या पाहू' म्हणण्यासारखे नाही.

शस्त्रक्रिया झालेली नाही, पण गुडघे झिजले आहेत, अशा वाचकांची संख्या मोठी आहे हे मी जाणतो. माझ्या दवाखान्यात तर त्यांचीच रांग असते. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या या गावात दहा हजारांवर घरांची विडी कामगारांची वसाहत आहे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत मांडी घालून बसणे, हे या बायकांनी तीस-चाळीस वर्षे केलेले असते. त्यांना मी सांगतो, खुर्चीत बसून सूप मांडीवर घ्या, दर अर्ध्या तासाला उठून पाय मोकळे करा. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरू नका, विरुद्ध बाजूच्या हातात धरा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावरचा भार खरोखर हलका होतो. ही चूक दहातले आठ जण करत असतील. आणि औषधाच्या दुकानातून 'दुखण्याची गोळी' मागून महिनोन्महिने घेऊ नका. मूत्रपिंड, रक्तदाब, जठर या तिन्हींवर तिची वसुली होते, उतारवयात तर विशेष.

काळजीबद्दल आणखी एक सांगायचे आहे. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल, ऑक्टोबर २०००मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन रानावत यांनी बदलला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. सारा देश त्यांच्या चालण्याकडे डोळे लावून होता. त्यानंतर माझ्याकडे आलेले कित्येक आजोबा म्हणत, वाजपेयी अजून हळू चालतात, मग उपयोग काय झाला? दुसऱ्याच्या गुडघ्यावरून आपला निकाल लावण्याची ही सवय आपल्याला फार आहे. त्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांनंतर स्मृतीच्या धावा आटल्या, लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. आई लगेच म्हणाली, "गुडघा दुखत असेल तिचा." तसे मानायला काही आधार नव्हता. फलंदाज बाद होतोच. पण आईचा स्वतःचा गुडघा त्या आठवड्यात जरा अडला होता. बरे होण्याचा रस्ता चढउतारांचा असतो. चार दिवस पुढे, दोन दिवस मागे. मागे गेलेल्या दोन दिवसांत घरातले लोक घाबरले की रुग्ण त्यांच्या दुप्पट घाबरतो. पुढच्याच वर्षी, २०१८ची आयसीसीची सर्वोत्कृष्ट महिला क्रिकेटपटू म्हणून स्मृतीची निवड झाली तेव्हा आईने ते कात्रण कापून फिजिओथेरपिस्टना नेऊन दिले, मला नाही.

त्या संध्याकाळी विडी वसाहतीतल्या आजींचा गुडघा मी मोजला. ऐंशी अंश भरला. तीन आठवड्यांच्या मानाने कमी होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. नातवाला मी कोनमापक दिला नाही. त्याला एवढेच सांगितले, आजी खुर्चीत बसल्या की टाच मागे किती सरकते, तिथे फरशीवर खडूने रेघ मारायची. रोज संध्याकाळी एक रेघ. आणि हात न टेकता त्या खुर्चीतून उठू लागल्या की अर्ध्या मिनिटात किती वेळा उठतात, ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली लिहायचे.

पंत त्या विश्वचषकापर्यंत बरा झाला नाही. तो मैदानावर उतरला २३ मार्च २०२४ला, अपघातानंतर जवळजवळ पंधरा महिन्यांनी. नातू मधल्या काळात तीन वेळा कॅलेंडरची पाने घेऊन आला. पहिल्या पानावर एक, दोन, दोन, शून्य, असे आकडे होते. त्या शून्याच्या दिवशी आजींना ताप होता, हेही त्याने शेजारी लिहिले होते. तिसऱ्या वेळी आकडा नऊवर गेला होता आणि गुडघा एकशे दहा अंशांवर. आजी आता खुर्चीत बसून विड्या वळतात. शेजारच्या बायका खाली बसतात आणि त्यांना 'मॅडम' म्हणतात, अशी त्यांची माझ्याकडे एकच तक्रार आहे.