हॉटेल आणि पुरलेले मोती

चित्रपट कापडासारखा फुटांवर मोजून घेतला जाई, असे सांगितल्यास आमच्या विद्यार्थिमित्रांस नवल वाटेल. इंग्लंडात मात्र तसे घडले खरे. १९२७ च्या कायद्यान्वये तेथील वितरकांवर व चित्रगृहांवर ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट घेण्याची सक्ती झाली. मग हा वाटा कसाबसा भरण्यासाठी स्वस्त चित्रपट निघू लागले. भाव फुटाला सुमारे एक पौंड! मिनिटाला नव्वद फूट फीत धरली, तर तासाभराचा चित्रपट साडेपाच हजार पौंडांच्या आत आटोपावयाचा. बरेचसे टाकाऊच निपजले, हे आम्ही नाकारीत नाही.

तथापि मायकेल पॉवेल या तरुण दिग्दर्शकाचा ‘हॉटेल स्प्लेंडिड’ (१९३२) पाहा. जेरी मेसन या कारकुनास वारसाहक्काने हॉटेल मिळते. थाटाची स्वप्ने रंगवीत तो समुद्रकाठच्या त्या गावी जातो, तो पुढ्यात एक सामान्य खानावळवजा घर! एका चोराने चोरीचे मोती ज्या जागी पुरले, तिच्यावरच हे घर उभे राहिले आहे. तुरुंगातून सुटलेला तो चोर साळसूद पाहुणा होऊन तेथेच उतरतो.

येथेच खरी मौज आहे. देखाव्यांवर पैसा उधळता येत नाही, म्हणून सारी कथा एका छपराखाली आणावी लागते. हॉटेलात कोणीही यावे, स्वतःविषयी काहीही सांगावे. मालकाने विश्वास ठेवावा. प्रेक्षकाला ठाऊक, बिचाऱ्या जेरीला नाही. एवढ्यावर हसू पिकते.

पॉवेलने असे वीसहून अधिक चित्रपट केले. पुढे हिमालयातील मठाची कथा सांगणारा ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) हा चित्रपटही त्याने एमेरिक प्रेसबर्गरसह इंग्लंडातच उभा केला.