पोकेमॉन कार्ड असली की नकली? पैसे देण्याआधी एवढं तपासा

ईदी हातात आली की मुलांची पावलं खेळण्यांच्या दुकानाकडे वळतात, आणि तिथे पोकेमॉन कार्डांची पाकिटं टांगलेलीच असतात. स्वस्तातली चकाकणारी कार्डं नुसती खेळायला घेतली तर फारसं बिघडत नाही. पण नकली कार्ड ‘दुर्मीळ’ म्हणून शेकडो, हजारो रुपयांना गळ्यात मारलं जातं, तेव्हा मुलाने साठवलेले पैसे पाण्यात जातात.

कार्डांचा हा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९९ मध्ये इंग्रजीत आला. काही जुनी, दुर्मीळ कार्डं संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. म्हणूनच नकला करणाऱ्यांचं फावतं. खरेदीआधी आपण काय बघायचं?

मागची बाजू : इंग्रजी कार्डाच्या मागे गडद निळी किनार आणि मधोमध लाल-पांढरा चेंडू असतो. नकली कार्डात निळा रंग बहुधा फिका किंवा जांभळट दिसतो. जपानी कार्डाची मागची बाजू वेगळी असते, म्हणून तुलना त्याच भाषेतल्या असली कार्डाशी करायची.

आकार आणि अक्षरं : कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं. इंग्रजी ‘पोकेमॉन’ शब्दातल्या ‘ई’ अक्षरावर छोटी तिरपी रेघ असते. नकलांमध्ये ती कधी गायब असते. स्पेलिंगच्या चुका, पुसट छपाई दिसली तर कार्ड खाली ठेवा.

आकडे : वरच्या कोपऱ्यात ‘एचपी’ म्हणजे ताकदीचा आकडा असतो. तो हजारात असेल तर कार्ड नकलीच. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातल्या चारिझार्डचा क्रमांक ४/१०२ आणि एचपी १२० आहे. विकणारा तेच कार्ड म्हणत असेल, तर हे आकडे जुळायलाच हवेत. मात्र १९९/१६५ असा क्रमांक बघून दचकू नका. काही खास कार्डांचे क्रमांक संचाच्या आकड्यापुढे जातात. कंपनीच्या संकेतस्थळावर कार्ड शोधून चित्र ताडून बघा.

उजेड : मोबाइलची बॅटरी कार्डामागे धरा. असली कार्डाच्या तुलनेत बऱ्याच नकली कार्डांतून जास्त उजेड आरपार येतो.

सोनेरी कार्डं : बाजारात सुट्या पाकिटांत मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डं नकलीच समजा. कंपनीने धातूची कार्डं काढली आहेत, उदाहरणार्थ २०२१ मध्ये, पण ती महागड्या संचात होती.

सीलबंद डबी : पीएसएसारख्या संस्था कार्ड तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. डबी आणि लेबलही नकली निघतात. म्हणून त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो मागा आणि नकली निघालं तर पैसे परत मिळतील का, हे आधीच लेखी विचारून घ्या. विकणारा घाई करत असेल तर सरळ नाही म्हणा.

आणि एक गोष्ट मुलांना समजावून सांगू या. आपल्याकडे नकली कार्ड आलंच, तर ते खेळायला ठेवायचं. मधल्या सुट्टीत अदलाबदल करताना ‘हे नकली आहे’ असं मित्राला आधी सांगायचं. आपण फसलो म्हणून दुसऱ्याला फसवायचं नाही.