'पोलेरा' म्हणजे नेमकं काय? एक शब्द, तीन देश आणि अनुवादाचा घोळ

समजा, एका साक्षीदाराने स्पॅनिशमध्ये जबाब दिला की पळून जाणाऱ्या माणसाच्या अंगात काळं 'पोलेरा' होतं. तुमच्या हातात आलेल्या इंग्रजी अनुवादात मात्र 'ब्लॅक टी-शर्ट' असं लिहिलंय. अनुवाद बरोबर आहे का? आधी साक्षीदार कुठला ते सांगा, मग बोलू.

साक्षीदार चिलीचा असेल तर अनुवाद अचूक आहे. तिथे पोलेरा म्हणजे टी-शर्टच. बोलिव्हियातही तसंच. पण तो अर्जेंटिनाचा असेल तर पोलेरा म्हणजे मान झाकणारा, उंच गळ्याचा कपडा. आणि पेरूचा असेल तर पोलेरा म्हणजे स्वेटशर्ट, बऱ्याचदा टोपीवाला, ज्याला आपण हुडी म्हणतो. चिलीची सीमा या तिन्ही देशांना लागून आहे, तरी कपडा बदलतो. जबाबातली हुडी अनुवादात टी-शर्ट झाली, तर ओळख पटवताना काय होईल याचा विचार करा.

शब्द एकटा वाचू नका

आता जरा आजूबाजूचे शब्द बघू.

- चिली : टी-शर्टला पोलेरा, स्वेटशर्टला पोलेरॉन.
- अर्जेंटिना : टी-शर्टला रेमेरा, उंच गळ्याच्या कपड्याला पोलेरा, स्वेटशर्टला बुसो.
- पेरू : टी-शर्टला पोलो, स्वेटशर्टला पोलेरा.

पेरूमध्ये टी-शर्टची जागा 'पोलो'ने घेतलीय, म्हणून तिथे पोलेरा दुसरीकडे सरकायला मोकळा आहे. चिलीत ती जागा पोलेराकडे आहे, मग जाड कपड्यासाठी पोलेरॉन. स्पेनमध्ये पुन्हा वेगळंच : टी-शर्ट म्हणजे कामिसेता, आणि 'पोलो' म्हणजे कॉलर नि दोन-तीन बटणं असलेला शर्ट.

फेर्दिनां द सोस्यूर यांचा मूल्याचा सिद्धांत आठवतोय का? 1916 साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रेंचमध्ये मेंढी आणि तिचं ताटातलं मटण, दोन्हींना एकच शब्द; इंग्रजीत दोन. म्हणून वस्तू तीच असली तरी त्या शब्दांचं मूल्य सारखं नाही. पोलेराच्या बाबतीत हेच एका भाषेच्या पोटात घडतंय.

इंग्रजी ही मोजपट्टी नाही

आपण नकळत असं धरून चालतो की स्पॅनिश शब्द हलता आहे आणि इंग्रजी प्रतिशब्द स्थिर. तसं नसतं. अर्जेंटिनाच्या पोलेराला अमेरिकेत 'टर्टलनेक' म्हणतील, ब्रिटनमध्ये 'पोलो-नेक'. लोकरीचा असेल तर ब्रिटिश माणूस 'पोलो-नेक जंपर' म्हणेल. पण अमेरिकेत 'जंपर' म्हणजे आत ब्लाउज घालून वर चढवायचा बिनबाह्यांचा फ्रॉक! आणि आपल्या आजीच्या बोलण्यातला 'झंपर' म्हणजे साडीवरचा ब्लाउज. म्हणजे अनुवाद करताना प्रश्न दोन असतात : बोलणारा कुठला, आणि वाचणारा कुठला?

मग नोंद कशी करायची?

शब्दसंग्रहाच्या अभ्यासाला दोन दिशा आहेत. एक, शब्द हातात घेऊन विचारायचं की तुमच्याकडे याचा अर्थ काय. दुसरी, वस्तू दाखवून विचारायचं की तुम्ही याला काय म्हणता. स्पॅनिश अकादमींच्या संघटनेचा 2010चा अमेरिकी स्पॅनिशचा कोश पहिल्या दिशेने जातो. त्यात अर्थापुढे देशाची खूण असते. तोक्योतल्या हिरोतो उएदा यांचा 'वारिलेक्स' प्रकल्प दुसऱ्या दिशेने गेला : वस्तू एकच, शहरं अनेक. संशोधनात दोन्ही लागतात. नुसती पहिली दिशा घेतलीत तर पेरूचा 'पोलो' तुमच्या नजरेलाच पडणार नाही.

तुमच्या तक्त्यात निदान एवढे रकाने ठेवा : मूळ शब्द जसाच्या तसा, बोलणाऱ्याचं गाव आणि देश, साल, वस्तूचं वर्णन (बाही, गळा, कापड, टोपी), आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी प्रतिशब्द, तोही कुठल्या इंग्रजीतला ते लिहून. नुसता प्रतिशब्द नोंदवलात तर मूळ कपडा हरवला, आणि तो नंतर परत मिळत नाही.

एक सावधगिरी. देशाची खूण म्हणजे भिंत नव्हे. लिमात वाढलेली बाई सांतियागोत दहा वर्षं राहिली, तर ती कुठला पोलेरा म्हणतेय? कोश बघून हे कळणार नाही, तिलाच विचारावं लागेल : बाही केवढी होती? टोपी होती का?

सरावासाठी स्पॅनिशच हवी असं नाही. 'बंडी' हा शब्द घ्या. चार जिल्ह्यांतल्या चार वयस्कर माणसांना विचारा : बाही, खिसा, बटणं, कोण घालतं, कधी घालतं. उत्तर सुचवू नका. आणि हो, प्रतिशब्दाचा रकाना तेव्हा रिकामाच ठेवा.