धरणाच्या वरच्या अंगाला

मी संगमनेरकडचा. आमच्या शेताला प्रवरेचं पाणी येतं, भंडारदऱ्याहून सुटणारं. १९२६ साली पुरं झालेलं, ११ टीएमसीचं हे धरण. त्याच्या आवर्तनांवर खाली ऊस पिकला, कारखाने उभे राहिले. जलाशयाच्या काठची आणि आसपासची मुरशेत, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद ही गावं मात्र भाताच्या एका पिकावर राहिली. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकरांची. पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून वाहून जातो. भात झोडून झाला की कितीतरी घरं मजुरीसाठी नारायणगावची वाट धरतात.

म्हणून काठावरचे पर्यटकांसाठीचे तंबू मला मोलाचे वाटतात. कापणी झालेलं खाचर मुळातच सपाट असतं. त्यात तंबू ठोकले, गाद्या टाकल्या, मोरीची सोय केली की मुक्काम तयार. रात्री चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात घरातल्या बायाच रांधतात. सकाळी गावातली पोरं पाहुण्यांना रतनगडावर किंवा सांदण दरीत नेतात. कोंबडी शेजारच्याकडून येते, जीप भावकीतल्या कुणाची तरी. एका तंबूचे पैसे चार घरांत फिरतात आणि पाऊस लागला की त्याच खाचरात पुन्हा आवणी होते. तीच जमीन बंगल्यासाठी विकली, तर मालकाच्या वाट्याला तिथली राखणदारी येते.

मेच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर इथे काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकू लागतात. नराचा प्रकाश म्हणजे मादीला दिलेली हाक. तीही उजेडानंच उत्तर देते. अंडी मातीत घातली जातात आणि अळ्या ओलाव्यात गोगलगायी खाऊन वाढतात. काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी ही हाक पुसली जाते आणि झाडाखाली तुडवातुडवी झाली की पुढच्या पिढ्याच चिरडल्या जातात. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. गाडी लांब लावावी, बॅटरी विझवावी, स्पीकर घरीच ठेवावा. जलाशयात रात्री उतरू नये. काठ कुठे एकदम खोल होतो, ते गावकऱ्यांना विचारावं.

तंबू ठरवताना दोन गोष्टी विचारा: जमीन कुणाची आणि भाकरी कोण थापतं? दोन्हींचं उत्तर गावातलंच असेल, तर खुशाल जा आणि पैशांची घासाघीस करू नका.