लालबागचे डंक आणि वर्षाचा मसाला

मुंबईत गिरगावापासून परळपर्यंत पसरलेल्या मराठी वस्तीत वर्षभर जे सणसमारंभ होतात, त्यांच्या पंगतीतील तिखट जेवणाची चव त्या त्या दिवशी चुलीवर ठरत नाही. ती चैत्र-वैशाखाच्या उन्हात, लालबागच्या मसाला गल्लीत, लोखंडी कढईपुढे बसलेल्या एखाद्या बाईच्या हाताने आणि डंकाच्या घावांनी आधीच ठरून गेलेली असते. हळदीच्या रात्रीचे मटण, दीप अमावास्येचे कोंबडी-वडे, काही कोकणी घराण्यांत गौरीला दाखविला जाणारा तिखटाचा नैवेद्य, बारशाच्या जेवणातली काळ्या वाटाण्याची उसळ, या सर्वांची बेगमी पावसाचे ढग येण्यापूर्वी बरणीत बंद झालेली असावी, असा या वस्तीचा जुना दस्तूर आहे. आणि तो अद्याप किती निष्ठेने पाळला जातो, हे पाहावयाचे असेल तर होळी उलटल्यानंतर कोणत्याही सकाळी या गल्लीत जाऊन उभे राहावे.

लालबाग हा गिरणगावाचा मध्यभाग. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची धुराडी परळ-लालबागच्या आकाशात उभी राहिली, तेव्हा रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलखांतून आलेला कामगार आपल्याबरोबर आपल्या गावची जीभही घेऊन आला. चाळीतील दहा फुटांच्या खोलीत ना अंगण, ना उखळ, ना मिरच्या वाळत घालण्यापुरते ऊन! गावाकडे जे काम घरातील सगळ्या बायका मिळून ओसरीवर करीत, ते येथे बाजाराला करावे लागले. आणि बाजारानेही ते अशा रीतीने केले, की घराचे प्रमाण घराचेच राहिले, केवळ श्रम तेवढे गल्लीने पत्करले. या गल्लीचे सारे महत्त्व माझ्या मते या एका व्यवस्थेत आहे.

काम चिठ्ठीपासून सुरू होते. ग्राहक बाई पिशवीतून कागदाची एक जीर्ण घडी काढते. तिच्यावर मिरच्यांची नावे व वजने लिहिलेली असतात, आणि कित्येक चिठ्ठ्यांत अजून पावशेर व तोळे हीच मापे आढळतात, जी दुकानातील मुनीम क्षणार्धात ग्रॅममध्ये उतरवून घेतो. मिरच्या एका जातीच्या कधीच नसतात. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातून येणारी सुरकुतलेली ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटपणासाठी, काश्मिरी लालीसाठी, आणि ज्यांच्या घरी झणझणीतच लागते त्यांच्याकरिता मूठभर लवंगी. जाणती बाई मिरची मोडून पाहते. कडकन मोडली, बियांचा आवाज आला, तरच ती तागडीत पडते. दमट मिरचीचा मसाला भाद्रपद येण्याच्या आत बुरसतो, ही गोष्ट येथे कोणी कोणाला शिकवीत नाही. वजन झाले की देठे खुडण्याचे काम, आणि ते बहुधा दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बायका इतक्या वेगाने करतात, की बोटे दिसत नाहीत, केवळ देठांचा ढीग वाढताना दिसतो.

पुढे भट्टी. मोठ्या कढईपुढे बसून उलथणे फिरविणाऱ्या बाईच्या कौशल्याचे यथायोग्य वर्णन करावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे, कारण मसाल्याचे यशापयश सर्वस्वी तिच्या हाती असते आणि तिचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर नसते. प्रत्येक जिन्नस स्वतंत्र भाजावा लागतो. धणे आधी, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत. लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, चक्रफूल आणि नागकेशर तेलाच्या बोटावर. दगडफूल क्षणभरच, कारण ते जळले की सबंध घाण्याला त्याचा वास लागतो. खसखस कोरडी आणि शेवटी. हळकुंड व हिंगाचा खडा तेलात फुगेपर्यंत तळून. घड्याळ नाही, मापक नाही. धुराचा रंग, दाण्याचा तडतडाट आणि नाक, एवढ्यावर तिचा सगळा निर्णय. एका गृहिणीने तिला सांगितलेले मी ऐकले, "मावशी, मेथी बदामी झाली की उतरवा हं, आमच्याकडे कडसर चालत नाही." मावशींनी उलथणे न थांबविता उत्तर दिले, "काकू, तुमच्या सासूबाईंपासून तुमचा मसाला भाजतेय मी." त्यावर ती गृहिणी प्रसन्न हसली आणि बाकावर जाऊन निश्चिंत बसली.

भाजलेले सर्व पसरून गार केले, की ते डंकाकडे जाते. डंक म्हणजे चौकटीत उभ्या केलेल्या लोखंडी मुसळांची रांग. मोटारीवर फिरणारा आडवा दांडा एकेका मुसळाला क्रमाने वर उचलतो आणि सोडून देतो, व ते आपल्या भाराने खालच्या उखळात आदळते. तोंडाला पंचा बांधलेला कामगार दोन घावांच्या मधल्या निमिषात उखळातील मसाला खालीवर करतो, आणि हे पाहताना अनोळखी माणसाचा श्वास रोखला जातो. चक्कीत दळणे याहून सोपे व जलद. परंतु जात्याच्या घर्षणाने पीठ तापते, आणि ज्या सुगंधी तेलांसाठी एवढा उपद्व्याप केला ती तेलेच त्या उष्णतेने उडून जातात. कुटलेला मसाला त्या मानाने कमी तापतो, त्याचा रंग टिकतो. कुटलेले चाळणीतून काढावयाचे, राहिलेला चोथा पुन्हा उखळात टाकावयाचा, पुन्हा चाळावयाचा, असे होता होता गल्लीत तांबूस धूळ तरंगू लागते, आणि नवख्याला जो ठसका लागतो तो चिंचपोकळीचे स्थानक येईपर्यंत थांबत नाही. आपला घाणा डंकातून निघेपर्यंत जागचे हलावयाचे नाही हा ग्राहकांचा शिरस्ता. आणि पहिल्याचे उखळ कुंच्याने झाडल्यावाचून दुसऱ्याचा मसाला त्यात घालावयाचा नाही हा डंकवाल्याचा.

त्या रांगेत उभे राहिले म्हणजे मुंबईतील मराठी माणसांचा जणू सामाजिक नकाशाच समोर उलगडतो. मालवणी मसाला नेणारी बाई पुढे, तिच्यामागे कांदा-लसूण मसाल्याचे सामान घेऊन आलेला सातारकर. एखाद्या घराचा तीळ-खोबऱ्याचा गोडा मसाला, एखाद्याचे मेतकूट. पाठारे प्रभूंच्या संबारात गहू आणि हरभऱ्याची डाळही भाजून पडते. गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांतून राहणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचा मसाला कुटून झाल्यावर काचेच्या बाटल्यांत ठासून भरावयाचा असतो, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. चवीचे इतके भेद एकाच बाजारात नांदताना मी अन्यत्र क्वचित पाहिले.

आणि केवळ घरेच नव्हेत, खाणावळीही याच मसाल्यावर उभ्या राहिल्या. कुटुंब गावी ठेवून आलेला गिरणी कामगार महिन्याच्या बोलीने ज्या बाईकडे जेवे, ती बाई आपल्या गावच्या प्रमाणाने मसाला करीत असे. म्हणून राजापूरचा माणूस राजापूरकरणीची खाणावळ शोधी आणि कऱ्हाडचा कऱ्हाडकरणीची. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, ही मुंबईच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे आणि ती शाळेतील मुलांना शिकविली गेली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, महिन्याच्या बोलीने जेवणारा वर्ग पांगला. परंतु चव पांगली नाही. आज दादर-परळच्या मालवणी भोजनालयांत मुलाचा निकाल लागला म्हणून, वडिलांची साठी म्हणून, नव्या सुनेला घेऊन जी कुटुंबे रविवारी दाराशी तिष्ठत उभी असतात, ती त्याच खाणावळीच्या वाटीची वारसदार आहेत. खोताच्या वाडीतले अनंताश्रम हे भोजनालय बंद झाले तेव्हा हळहळलेली माणसे केवळ माशांच्या कालवणासाठी हळहळली नाहीत. आपल्या घरातील आनंदाचे एक ठरलेले ठिकाण गेले, हे त्यांचे दुःख होते.

आता पाकिटातला मसाला सर्वत्र मुबलक मिळतो, आणि नोकरी सांभाळून घर चालविणाऱ्या स्त्रीने तो घेतला तर तिला बोल लावण्याचा कोणाला अधिकार नाही. लालबागच्या दुकानांतही तयार मसाल्याच्या थैल्या पुढे आल्या आहेत. परंतु त्या थैलीत एका कारखान्याचे प्रमाण असते. आजीने आपल्या सासूकडून घेतलेले, लेकीच्या लग्नात बरणीबरोबर तिच्या सासरी पाठविलेले प्रमाण तीत असू शकत नाही. ते प्रमाण कित्येक घरांत अजून कोठेही लिहिलेले नाही. ते एका वृद्ध स्त्रीच्या स्मरणात आहे, आणि तिच्या मागे ते कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

म्हणून वाचकांना माझी मनःपूर्वक विनंती आहे, की ज्यांच्या घरी अशी स्त्री आज हयात आहे त्यांनी तिच्याशेजारी बसून मिरचीच्या जातींसह, तोळ्या-माशांसह ते प्रमाण लिहून घ्यावे. आणि येत्या चैत्रात निदान एक किलो मिरचीचा घाणा तिच्या देखरेखीखाली लालबागेत कुटून आणावा. तिला चालवत नसेल तर टॅक्सी करावी. गल्लीत बसावयास बाक आहे, आणि भट्टीवरची मावशी बहुधा तिला ओळखीत असेल.