जॉर्ज टॉमस : मराठ्यांच्या पदरचा आयरिश सेनानी

१८१८ च्या मे महिन्यांत आमच्या सोलापूरच्या किल्ल्यापाशीं मन्रोनें पेशव्यांचें पायदळ मोडलें. त्या फौजेंत अरबहि होते. परमुलखाच्या शिपायांनीं मराठ्यांची चाकरी करावी याचें त्या काळीं कोणास नवल नसे; पण आयर्लंडचा एक खलाशी मराठी सरदाराचा उजवा हात झाला, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असेल.

स्वदेशीं वाव न मिळालेले आयरिश पुरुष तेव्हां युरोपांतील परक्या राजांच्या पदरीं तलवार गाजवीत. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा फील्ड मार्शल लेसी हा अशाच आयरिश वंशांतला. त्याचा बापहि रशियाचा फील्ड मार्शल. जॉर्ज टॉमसला असलें घराणें कोठलें! १७८१ च्या सुमारास मद्रासेस तो जहाज सोडून पळाला आणि फिरत फिरत सरधन्याच्या बेगम समरूच्या फौजेंत शिरला. तेथून निघावें लागल्यावर १७९३ सालीं महादजी शिंद्यांच्या हाताखालीं पूर्वीं असलेले आप्पा खंडेराव यांनीं त्यास ठेवून घेतलें. आप्पांची तिजोरी सदा रिकामी, म्हणून पगारापोटीं मेवातचा मुलूख तोडून दिला. दिला म्हणजे काय, तर तेथील वसूल लढून घ्यावयाचा!

तरी टॉमस खाल्ल्या मिठास जागला. आप्पांवर त्यांचेच शिपाई उलटले असतां तो धावून गेला. पुढें बेगमहि बंडखोरांच्या कैदेंत पडली, तेव्हां जुना राग विसरून तिच्या सुटकेची खटपट यानेंच केली.

१७९७ सालीं दुखण्यानें गांजलेल्या आप्पांनीं यमुनेंत देह टाकिला. त्यानंतर टॉमसनें हांसीस स्वतंत्र ठाणें मांडलें. पडका किल्ला दुरुस्त केला, तोफा ओतविल्या, रुपये पाडले, आणि पडलेल्या शिपायांच्या विधवांस नेमणुका दिल्या. बालपरवेशीची ही रीत आमच्याकडचीच. पाळली मात्र किती जणांनीं?

शिंद्यांचा फ्रेंच सेनापति पेरॉन यास तो डोळ्यांत सलूं लागला. १८०१ त पेरॉनचा सरदार बुर्किन याच्या फौजेनें हांसीस वेढा दिला व वर्षअखेर किल्ला पडला. वेढा चालू असतांच, नोव्हेंबरांत, लेसी व्हिएन्नेस मानानें मरण पावला. टॉमस १८०२ च्या ऑगस्टांत, कलकत्त्याच्या वाटेवर, बहरामपुरास वारला. लेसीच्या पाठीशीं पगार आणि पायरी देणारें सरकार होतें. टॉमसला केवळ एक धनी होता, आणि तो आधींच गेला होता.

१८०३ त इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच पेरॉननें शिंद्यांस सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. दिल्लीसमोर हरलेला बुर्किनहि थोड्याच दिवसांत शत्रूच्या स्वाधीन झाला.