भानामतीच्या मुलखात धारप

भयकथाकार नारायण धारपांची जन्मशताब्दी २७ ऑगस्ट २०२५ ला झाली आणि त्या आठवड्यात आमच्या नांदेडकडच्या हदगावचे जुने वाचक एकमेकांना फोन करत होते. कुणाला ‘लुचाई’ची जुनी प्रत हवी होती, तर कुणाला ‘शपथ’चं नाव आठवत नव्हतं, नुसती गोष्ट आठवत होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात धारपांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. हदगाव, तामसा, निवघा, मनाठा या गावांतल्या एका पिढीच्या वाचनात मात्र त्यांची जागा फार मोठी आहे. शंभरावर पुस्तकं लिहून २००८ साली ते गेले. ती पुस्तकं आमच्यापर्यंत कशी आली आणि आम्ही ती पुढे कुणाकुणाच्या हातात दिली, त्याचा हा मागोवा.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे शाळेची पुस्तकं, वह्या आणि गाईडं. कथा-कादंबरी पाहिजे असेल तर नांदेडला वजिराबाद गाठायचं. हदगावला रेल्वे नव्हती, गाडी हिमायतनगरला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम आता कुठे चालू आहे. तेव्हा सगळा भरवसा लाल डब्यावर. गावात वाचनालय होतं. निजामाच्या राजवटीत मराठी वाचनाची आमच्या भागात जी आबाळ झाली, ती भरून काढायला १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मोठा हात दिला; अनुदान मिळू लागलं तशी तालुक्याच्या गावांतली वाचनालयं तगली. पण खरेदीच्या यादीत मानाचं पान ‘ययाति’ला, ‘मृत्युंजय’ला, चरित्रांना. रहस्यकथा मागच्या कपाटात, तिथे बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर सगळे दाटीवाटीने. झुंजार, काळापहाड, कॅप्टन दीप, दारा बुलंद या त्यांच्या नायकांवर पोरं तुटून पडायची. धारप त्यांच्यातच कुठेतरी सापडायचे. एकदा सापडले की पोरगं बरेच दिवस दुसऱ्या पुस्तकाला हात लावत नसे.

त्या प्रती अजून डोळ्यांपुढे आहेत. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, वर खाकी पुठ्ठा, पाठीवर शाईने घातलेला दाखल क्रमांक. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असे, ‘एकट्याने वाचू नये’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘वाचलं. काही होत नाही.’ त्याखाली आणखी कुणीतरी, ‘रात्री वाच, मग सांग’. वाचनालयाच्या नियमात पुस्तकावर लिहायला बंदी होती. ग्रंथपाल रागावायचे, खोडायचे मात्र नाहीत. पुस्तकाची शिफारस कशी करावी, हे मी त्या पानावर शिकलो. गोष्ट सांगायची नाही, शेवट तर नाहीच नाही; आपल्याला काय झालं तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं.

अर्नाळकर-नाईकांच्या पुस्तकात पहिल्या पानावर मुडदा पडतो. धारपांकडे पन्नास पानं काहीच पडत नाही. नोकरी करणारा सरळमार्गी माणूस असतो, त्याचं घरभाडं, बदली, बायकोचं माहेर, पोराची शाळा. घर नवं घेतलेलं असतं किंवा वारशाने आलेलं. मग एखादी खोली जरा जास्त गार लागते. एखादं दार लावलेलं आठवतं आणि उघडं दिसतं. माणूस आधी कारण शोधतो, तपासतो, स्वतःची समजूत घालतो. विज्ञान शिकलेल्या लेखकाची ही पद्धत आहे. साध्या सगळ्या शक्यता तो एकेक करून संपवतो आणि उरलेली एकच शक्यता वाचकाच्या पुढ्यात ठेवतो. भाषा अगदी रोजच्या बोलण्यातली, संस्कृतचा डौल नाही, वर्णनाचा सोस नाही. ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथा त्या मानाने वेगळ्या. तिथे संकटात सापडलेला माणूस समर्थांकडे येतो, सोबतीला अप्पा असतात, आणि अमानवी शक्तीशी रीतसर झुंज होते. पोरांना समर्थ फार आवडायचे, कारण शेवटी कुणीतरी आपल्या बाजूने उभं राहणार याची खात्री असायची. मला स्वतःला समर्थ नसलेल्या कादंबऱ्याच जास्त थोर वाटत आल्या आहेत. तिथे वाचवायला कुणी येईलच असं नसतं.

नांदेड-लातूरकडे भयकथेची शिफारस करणं पुण्या-मुंबईइतकं सोपं नव्हतं, याचं कारण भानामती. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणं, दोरीवरचे कपडे आपोआप पेटणं, डोळ्यांतून खडे निघणं, बायकांनी भुंकायला लागणं, हे आमच्याकडे पुस्तकातलं नव्हतं, शेजारच्या गल्लीतलं होतं. आणि त्याचा शेवट नेहमी एकाच ठिकाणी व्हायचा. मांत्रिक कुणाचं तरी नाव घ्यायचा. बहुतेक वेळा ती एकटी राहणारी, विधवा, नाहीतर कुणाशी वाकडं असलेली बाई असायची. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी मराठवाड्यात गावोगाव फिरून त्याच्याविरुद्ध काम केलं, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाचंही तेच. आमच्याकडे गावागावांत गढी आहे, पांढऱ्या मातीच्या ढासळत्या भिंती, खाली भुयार आणि भुयारात हंडे असल्याची बोलवा. धारपांच्या ‘केशवगढी’चं नाव वाचल्यावर शहरातल्या वाचकाला कल्पनेतला वाडा दिसत असेल, आमच्या पोरांना घराच्या गच्चीवरून दिसायची ती गढी दिसे.

म्हणून ‘चेटकीण’ आणि ‘काळी जोगीण’ ही पुस्तकं मी कधीच कुणाला पहिल्यांदा दिली नाहीत. या शब्दांनी इथे खऱ्या बायकांची आयुष्यं नासली आहेत. ज्या घरात त्या वर्षी लेकरू दगावलं किंवा कुणाचं दुखणं हटत नव्हतं, त्या घरात धारप नेऊन ठेवायचे नाहीत, हा नियम मी स्वतःपुरता कडकपणे पाळला. काही शिक्षक मित्रांचं म्हणणं होतं की असली पुस्तकं मुळात वाचनालयात नकोतच. ते मला कधी पटलं नाही. मनाठ्याकडची एक बाई पोराच्या हाताने पुस्तकं मागवायची. एकदा ती स्वतः पुस्तक परत द्यायला आली आणि म्हणाली, “सर, हे समदं त्या माणसानं मनानंच रचलं ना? मंग आमच्या गल्लीतलं बी कोणीतरी रचलंच असन.” तिच्या गल्लीत काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. तिला मात्र मी पुढेही धारप देत राहिलो, आणि तिच्यासारख्या बायकांना तर आवर्जून.

नव्वदनंतर घराघरांत केबल आली, मागच्या कपाटावर धूळ बसली. पुस्तकं फाटली आणि रद्दीत गेली. नवीन प्रती बाजारात मिळेनात, तेव्हा झेरॉक्स काढून वाचणारेही होते. पुढे औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तकं नव्याने काढली. मराठवाड्यातल्या प्रकाशकाने हे केलं याचा मला मनापासून आनंद आहे. नव्या छपाईत, चांगल्या कागदावर धारप पहिल्यांदाच वाचनालयाच्या पुढच्या कपाटात आले. २०१८ साली झी मराठीवर धारपांच्या कादंबरीवरची, पल्लवी जोशींची ‘ग्रहण’ मालिका आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘तुंबाड’ चित्रपट लागला.

‘तुंबाड’ने जे केलं ते आम्हा शिफारस करणाऱ्यांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. कॉलेजातली पोरं स्वतःहून धारप विचारत आली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची गोष्ट ऐकवली आणि ते हादरले; पुढे मूळ कथा वाचली तेव्हा ती तेवढी भिडली नाही, जोर मित्राच्या सांगण्यात होता. मला हे अगदी ओळखीचं वाटतं. हदगावातही धारप वाचले गेले त्यापेक्षा जास्त सांगितले गेले. लोडशेडिंगच्या रात्री ओट्यावर, शेतावर जागलीला गेल्यावर, बसथांब्यावर उमरखेडच्या गाडीची वाट बघताना.

‘तुंबाड’मागची ती कथा ‘आजी’. तिचा धागा स्टीफन किंगच्या १९८४ सालच्या ‘ग्रामा’ या कथेपर्यंत जातो. ‘लुचाई’ त्याच्या ‘सेलम्स लॉट’वरून आणि ‘शपथ’ त्याच्या ‘इट’वरून. पोरं आता मोबाइलवर हे शोधून काढतात आणि विचारतात, मग धारपांचं काय? मी त्यांना आधीच सांगून टाकतो, पुस्तक हातात देतानाच. आधार किंगचा आहे, तो मान्य केलाच पाहिजे. पण किंगची पहिली कादंबरी ‘कॅरी’ आली १९७४ ला, आणि धारप त्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते. उसनं घेतलेलं सुद्धा त्यांनी नुसतं मराठीत उतरवून ठेवलं नाही. ‘लुचाई’ वाचताना हळूहळू पोखरलं जाणारं गाव अमेरिकेतलं वाटत नाही. कोण कुणाच्या घरी किती वाजता जातं, कुणाचं दार कुणाला सहज उघडलं जातं, ही जी गावाची ठेवण असते तीच तिथे घात करते. ‘शपथ’मधली लहानपणीची आणभाक मोठेपणी पाळायला परत येणारी माणसं मला तर हदगाव सोडून पुण्याला, हैदराबादला गेलेल्या माझ्या वर्गमित्रांसारखीच वाटतात. ही दोन पुस्तकं वाचून मग किंग वाचा, असं मी इंग्रजी वाचणाऱ्यांना सांगतो. ज्यांनी तसं केलं, ते बहुतेक दोघांचेही वाचक झाले.

आता कुणी नव्याने विचारलं तर सुरुवात कथासंग्रहापासून करायची. ‘अनोळखी दिशा’ चांगली. एका बैठकीत एक कथा होते आणि माणसाला स्वतःचं झेपतं किती ते कळतं. मग ‘लुचाई’. ती दोन रात्रींत संपवून आला तर ‘शपथ’ आणि ‘ग्रहण’, रेंगाळला तर समर्थांची एखादी. ज्यांना भयकथेत साहित्यगुणही हवेत त्यांना रत्नाकर मतकरींच्या गूढकथा जोडीला द्यायच्या. मतकरी माणसाच्या मनात शिरतात, धारप घरात शिरतात. ‘चेटकीण’ सगळ्यात शेवटी, आणि देताना दोन शब्द बोलून. ‘नेनचिम’ ही त्यांची विज्ञानकादंबरी आमच्याकडे फारशी कुणी उघडलेलीच नाही. ती सध्या आयटीआयच्या दोन पोरांकडे दिली आहे, त्यांतल्या एकाने परवा वाचनालयात येऊन विचारलं, “सर, याच्यासारखी अजून कोणती आहे?”